बोलायला उशीर करणाऱ्या मुलासाठी कोणती खेळणी घ्यावीत?

तुमचा मुलगा २२ महिन्यांचा आहे आणि त्याचे स्वतःचे असे आठ-दहाच शब्द आहेत. घरात अक्षरे म्हणणारी, आकडे मोजणारी, बटण दाबले की गाणे वाजवणारी खेळणी पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यामुळे तो एक ते दहा आकडे घडाघडा म्हणतो. पण पाणी हवे असले की काही न बोलता तुमचा हात धरून ओढत नेतो. अशा मुलासाठी आणखी कोणती शैक्षणिक खेळणी घ्यावीत, आणि खोक्यावर ‘भाषाविकासासाठी’ असे छापलेल्या खेळण्यांचा खरोखर उपयोग होतो का, असे तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे लहान मुलांच्या वाचा-भाषा उपचारांचे काम करते आणि हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या शब्दांत सतत येतो. सध्या नवे काहीही घेऊ नका, असे माझे मत आहे. ते का, आणि घरात आहे त्याचे काय करायचे, हे सविस्तर सांगते.

पण सर्वांत आधी एक गोष्ट, जिचा खेळण्यांशी संबंध नाही. मुलाची श्रवणचाचणी करून घ्या, आणि ती याच महिन्यात करून घ्या. “त्याला ऐकू येते, दाराची घंटा वाजली की धावत जातो,” हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक पालकाच्या तोंडून ऐकते आणि ते खरेही असते. मात्र घंटा ऐकू येणे वेगळे आणि ‘स’, ‘त’, ‘क’ यांसारखे क्षीण ध्वनी एकमेकांपासून वेगळे ऐकू येणे वेगळे. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे द्रव साठून राहतो, तेव्हा मूल बहिरे झालेले नसते; पण आपले बोलणे त्याला बंद दाराआडून यावे तसे दबलेले ऐकू येते, आणि अशा बोलण्यातून शब्द वेचणे फार कठीण जाते. जन्मानंतर केलेली चाचणी ठीक आली होती म्हणून आजही कान ठीक असतील, असे धरून चालू नये.

त्याच वेळी बालरोगतज्ज्ञांना मुलाच्या एकूण विकासाची तपासणी करायला सांगा. दोन वर्षांचे होईपर्यंत बहुतेक मुलांकडे पन्नासच्या आसपास शब्द असतात आणि ‘आई ये’, ‘गाडी गेली’ अशी दोन शब्दांची जोडणी सुरू झालेली असते. तुमचा मुलगा त्या मानाने मागे आहे. ‘मुलगे उशिराच बोलतात’ या समजुतीवर विसंबून राहू नका. हात धरून ओढत नेण्याचा उल्लेख तुम्ही केलात, म्हणून घरी एवढे पाहा: दूरच्या वस्तूकडे तो बोट दाखवतो का? नावाने हाक मारली की वळून पाहतो का? त्याला गंमत वाटलेली वस्तू केवळ तुम्ही पाहावी म्हणून तुमच्याकडे घेऊन येतो का? यांची उत्तरे बहुतेक ‘नाही’ अशी असतील, तर ती तपासणी पुढे ढकलू नका. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) प्राथमिक चाचणीची एक प्रश्नावली असते. ती पालकांनीच भरायची असते आणि तिला फार वेळ लागत नाही. या प्रश्नावलीने निदान होत नाही, पुढे सविस्तर तपासणी हवी की नको एवढेच कळते. म्हणून तिला घाबरण्याचे कारण नाही.

आता आकड्यांविषयी. एक ते दहा म्हणता येणे ही तुमच्या मुलाची जमेची बाजू आहे, कारण त्याला ध्वनी लक्षात ठेवता येतात आणि उच्चारताही येतात. पण ते त्याच्या शब्दसंख्येत धरू नका. शब्द तेव्हाच शब्द होतो, जेव्हा मूल तो कोणाला तरी उद्देशून, काहीतरी घडावे म्हणून, निरनिराळ्या प्रसंगी वापरते. पेल्याकडे पाहून उच्चारलेला अर्धामुर्धा ‘पा’ माझ्या हिशेबात पूर्ण शब्द आहे. कोणाकडेही न पाहता ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणणे ही पाठ झालेली चाल आहे. खेळण्याने त्याला ती चाल दिली, कारण खेळण्याला तेवढेच देता येते. बटण दाबले की तोच आवाज, त्याच सुरात, मुलाने काहीही केले तरी. आपल्या आवाजामुळे समोरच्या माणसाच्या वागण्यात बदल होतो, ही बोलण्याची खरी जादू त्याला यंत्राकडून कळू शकत नाही.

याला अभ्यासाचाही आधार आहे. २०१६ साली ‘जामा पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात अमेरिकेतील एक छोटा, पण नेमका अभ्यास प्रसिद्ध झाला. १० ते १६ महिन्यांची २६ बाळे आपापल्या घरी आईवडिलांबरोबर तीन प्रकारच्या वस्तूंनी खेळली: बोलणारी आणि दिवे लागणारी इलेक्ट्रॉनिक खेळणी, ठोकळे आणि लाकडी कोड्यांसारखी साधी खेळणी, आणि पुस्तके. इलेक्ट्रॉनिक खेळणी समोर असताना पालक मिनिटाला सरासरी सुमारे ४० शब्द बोलले, साध्या खेळण्यांबरोबर सुमारे ५६ आणि पुस्तकांबरोबर सुमारे ६७. पुस्तके समोर असताना बाळांनीही जे आवाज काढले, त्यांच्या मानाने इलेक्ट्रॉनिक खेळण्यांबरोबर ती गप्प राहिली. मला हे वाचून नवल वाटले नाही, कारण उपचारकक्षात मी ते रोज पाहते: खेळणे बोलू लागले की मोठे माणूस गप्प होते. दुसरे कोणी बोलत असताना आपण थांबतो, तसेच आपण खेळण्यापुढेही थांबतो, आणि मुलाशी बोलण्याची पाळी यंत्राकडे जाते.

आवाज चांगला असला, उच्चार शुद्ध असले, तरी तो माणसाची जागा घेत नाही, हे बाळांच्या भाषाशिक्षणाच्या संशोधक पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवले होते. इंग्रजी भाषक घरांतील नऊ-दहा महिन्यांच्या बाळांना त्यांनी १२ वेळा मँडरीन चिनी भाषा ऐकवली. काही बाळांशी प्रत्यक्ष माणूस जमिनीवर बसून, खेळणी आणि पुस्तके हाती घेऊन बोलला; काहींना तीच माणसे चित्रफितीवर दिसली; काहींना नुसता आवाज ऐकवला. ज्यांच्यासमोर माणूस होता ती बाळे मँडरीनमधील ध्वनींचा भेद ओळखू लागली. चित्रफीत पाहिलेल्या आणि आवाज ऐकलेल्या बाळांमध्ये काहीही फरक पडला नाही.

म्हणून कोणतेही खेळणे हाती घेताना मी एकच प्रश्न विचारते: यात माझ्यासाठी जागा आहे का? मूल आणि खेळणे एवढ्या दोघांतच खेळ पुरा होत असेल, तर बोलण्याची गरजच उरत नाही. मध्ये कुठेतरी अडले पाहिजे, कोणीतरी काही दिले पाहिजे, पकडले पाहिजे, उघडले पाहिजे. तिथेच पहिला शब्द येतो.

एक प्रसंग सांगते. साधारण दोन वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे येत असे. बोलणे नव्हतेच, हवे ते स्वतः ओढून घ्यायचे, नाही मिळाले तर जमिनीवर आडवे व्हायचे. फिरकीच्या झाकणाच्या एका पारदर्शक बरणीत मी त्याची आवडती लाल गाडी ठेवली, झाकण घट्ट लावले आणि बरणी त्याच्या हातात दिली. त्याने ती हलवली, उलटी केली, झाकण दातांनी धरून पाहिले, शेवटी माझ्या मांडीवर आणून टाकली आणि माझी बोटे झाकणावर दाबली. त्याची नजर झाकणावरच होती. मी बरणी हातात धरून, भुवया उंचावून, तोंड किंचित उघडे ठेवून थांबले. मनात दहापर्यंत मोजायचे असे मी ठरवूनच बसते, नाहीतर आपल्याला राहवत नाही. सातव्या-आठव्या आकड्याला त्याने मान वर केली, झाकणाकडून माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि घशातून ‘उ’ असा आवाज काढला. मी लगेच “उघड! उघडू? उघडलं!” म्हणत झाकण काढले. गाडी दोन फेऱ्या फिरली, पुन्हा बरणीत गेली, पुन्हा झाकण लागले. त्या दिवशी आम्ही हे अकरा वेळा केले. शेवटच्या तीन वेळी तो बरणी हातात देण्याआधीच माझ्याकडे पाहत होता. पुढच्या आठवड्यात ‘उघ’ आले. त्याच्या आईने घरी दप्तर, कपाट, दार अशा सगळ्या ठिकाणी तोच शब्द त्याच पद्धतीने वापरला आणि महिनाभरात तो ‘आई उघ’ म्हणू लागला. त्या बरणीवर ‘शैक्षणिक’ असे कुठेही लिहिलेले नव्हते.

यातली अडवणूक किती करायची, याला मर्यादा आहे. पाणी, शौचास जाणे, भीती वाटल्यावर जवळ घेणे यांसाठी मुलाला कधीही शब्दाची वाट पाहायला लावू नका. खेळातसुद्धा दहा सेकंदांत काही आले नाही, तर तुम्हीच शब्द म्हणा आणि वस्तू देऊन टाका. नजर, हातवारा, अर्धा आवाज, यांतले काहीही उत्तर म्हणून पुरेसे आहे. “आधी नीट म्हण, मग देते” असे सुरू झाले की मूल त्या खेळापासूनच दूर जाते.

तर घरात काय हवे? ठोकळे, एक चेंडू, एकदोन गाड्या, एक बाहुली किंवा कापडी प्राणी, थोडी खोटी भांडी, झाकणाचे डबे, दोनतीन मोठ्या तुकड्यांची कोडी आणि जाड पानांची चित्रांची पुस्तके. बहुतेक घरांत यांतले निम्मे आधीच असते. यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या तऱ्हेची भाषा बाहेर काढते, आणि तेच पाहून निवड करावी.

चेंडू पाळी शिकवतो. मी टाकला, आता तू टाक; संभाषणाचा सांगाडा हाच आहे. जर्मनीत १८३७ साली लहान मुलांची शाळा काढणाऱ्या फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी मुलांसाठी खेळसाहित्याचा जो क्रम आखला, त्यात पहिले साहित्य म्हणजे दोरीला बांधलेले सहा रंगांचे लोकरीचे चेंडू होते, आणि ते झुलवताना मोठ्यांनी मुलाशी काय बोलावे, काय गावे, हेही त्यांनी सुचवले होते. ‘शैक्षणिक खेळणे’ या कल्पनेच्या मुळाशी खेळणे आणि माणसाचा आवाज एकत्रच होते. पुढे आवाज तेवढा यंत्रात गेला.

ठोकळे आणि डबे जागेची भाषा देतात: आत, बाहेर, वर, खाली, मागे. ‘डब्यात टाक’, ‘डब्यावर ठेव’, ‘डब्याखाली लपलं’ यांतला फरक मुलाला व्याख्येने कळत नाही. हाताने टाकले, ठेवले, लपवले की कळतो. शिवाय मराठीचे एक वैशिष्ट्य खेळात फार सोपे होऊन जाते. घोडा पडला, बाहुली पडली, चाक पडलं: तीन वस्तू एकामागून एक टेबलाच्या कडेवरून ढकलल्या, की आपल्या भाषेतली तिन्ही लिंगे मुलाच्या कानावरून जातात आणि क्रियापद वस्तूबरोबर बदलते, हे ते न शिकवता टिपते. मोठ्यांना जे व्याकरण म्हणून पाठ करावे लागते, ते या वयात नुसत्या पडझडीतून आत शिरते.

त्या पडझडीबरोबर आवाजही हवेत. धपकन, टुणकन, डुबुक, गरगर, भुर्र, खळखळ: मराठीजवळ नादानुकारी शब्दांची श्रीमंती आहे आणि उशिरा बोलणाऱ्या मुलांसाठी मला तिचा सर्वांत जास्त उपयोग होतो. हे शब्द छोटे असतात, पुष्कळदा त्यांत तेच अक्षर पुन्हा येते, ते म्हणताना चेहरा आणि सूर आपोआप जिवंत होतो आणि चूक-बरोबर असा प्रश्नच उद्भवत नाही. ज्या मुलाने ‘गाडी’ हा शब्द महिनोन्महिने म्हटला नाही, ते ‘भुर्र’ मात्र दुसऱ्या दिवशी म्हणते. तो शब्द मोजा. तो खरा शब्द आहे.

बाहुलीविषयी मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण मुलग्यांच्या खेळण्यांत ती बहुधा नसते आणि त्याचे मला वाईट वाटते. गाडीबरोबर फार तर दहा-बारा क्रियापदे येतात. बाहुलीबरोबर सगळे आयुष्य येते: झोपली, उठली, रडते, भूक लागली, अंघोळ, पुसू या, टोपी घाल, लागलं का, रुसली. मुलाच्या शरीराचे, दिनक्रमाचे आणि भावनांचे जवळजवळ सगळे शब्द तिच्याभोवती जमतात. दुसरे असे की, दीड वर्षाच्या सुमारास मूल रिकामा पेला बाहुलीच्या तोंडाला लावते, तेव्हा ‘नाही ते आहे’ असे धरून चालण्याची शक्ती त्याच्यात आलेली असते. शब्दही तेच करतो: समोर नसलेली वस्तू आवाजाने उभी करतो. म्हणूनच लटका खेळ आणि भाषा बहुधा हातात हात घालून वाढतात, आणि तपासणीत मी मुलाचे शब्द मोजण्याआधी त्याच्यासमोर बाहुली, पेला आणि छोटे पांघरूण ठेवून ते काय करते हे पाहते. तुमचा मुलगा बाहुलीला निजवतो का, गाडीवर कोणाला बसवतो का, हे पाहून ठेवा; तज्ज्ञांना त्याचा फार उपयोग होईल.

लायब्ररीतले किंवा घरातले पुस्तक या यादीत खेळणे म्हणूनच धरले आहे. ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचण्याची गरज नाही. मुलाचे बोट जिथे थांबेल तिथे थांबा, त्याच पानावर पाच मिनिटे गेली तरी चालेल, आणि तेच पुस्तक रोज मागितले तर रोज द्या. पुनरावृत्तीचा कंटाळा आपल्याला येतो, मुलाला येत नाही. त्याला पुढे काय येणार हे ठाऊक असते आणि म्हणूनच त्या जागी तो शब्द म्हणण्याचे धाडस करतो.

आता बोलण्याची रीत. नवशिकी असताना माझ्या हातून एक चूक अनेक वर्षे झाली. मी चित्रांची कार्डे घेऊन बसत असे आणि एकेक उचलून “हे काय आहे? आणि हे काय?” असे विचारत असे. एक मुलगी तिसऱ्या भेटीत मला पाहताच टेबलाखाली गेली. त्या दिवशी तिच्या बाबांनी लावून ठेवलेला माझ्या सत्राचा ध्वनिमुद्रणाचा तुकडा मी घरी ऐकला: वीस मिनिटांत मी प्रश्नांशिवाय जवळजवळ काहीही बोलले नव्हते. ती मुलगी खेळायला आली होती आणि मी तिची परीक्षा घेत होते. तेव्हापासून माझा नियम असा आहे की, एक प्रश्न विचारायचा असेल तर त्याआधी निदान तीनचार साधी विधाने करायची. “गाडी आली. थांबली. चाक निघालं!” मुलाला यातून शब्दही मिळतात आणि उत्तर न देण्याची मोकळीकही.

विधाने छोटी ठेवा, मुलाच्या पातळीपेक्षा एका पायरीने वर. ते ‘गाडी’ म्हणाले तर तुम्ही ‘लाल गाडी’ किंवा ‘गाडी गेली’ म्हणा. ते काहीच म्हणत नसेल तर तुम्हीही एकाच शब्दावर राहा. ‘घोडा’चा ‘घोला’ झाला तर दुरुस्त करू नका, “हो, घोडा पळाला” असे नीट म्हणून पुढे जा. प, ब, म, त, न हे ध्वनी लवकर येतात. र, ळ, ण यांना वेळ लागतो, आणि दोन वर्षांच्या मुलाकडून त्यांची अपेक्षा धरणे योग्य नाही. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, समोरासमोर बसा, म्हणजे त्याला तुमचे ओठ दिसतील. ते ज्या वस्तूकडे पाहते आहे तिच्याविषयीच बोला. ते चाक फिरवत असताना आपण “हा बघ हत्ती” म्हटले, तर त्याला आधी आपले लक्ष काढून तिकडे न्यावे लागते आणि तेवढ्यात शब्द निसटून गेलेला असतो. आणि हे सगळे तुमच्या स्वतःच्या, मनातल्या भाषेत करा. ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, रागावता येते, तीच भाषा या कामाला सर्वांत चांगली. घरात दोन भाषा असल्या तर दोन्ही राहू द्या. दोन भाषा ऐकल्यामुळे मुलाला भाषादोष होत नाही.

खेळणी किती असावीत, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तुमच्या वर्णनावरून तो महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतच १८ ते ३० महिन्यांच्या ३६ मुलांवर केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक मूल एकदा ४ खेळण्यांबरोबर आणि एकदा १६ खेळण्यांबरोबर खेळले. चारच खेळणी असताना मुले एकेका खेळण्यापाशी जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी अधिक तऱ्हांनी खेळली. भाषेच्या दृष्टीने हे फार मोलाचे आहे, कारण एखाद्या वस्तूपाशी मूल टिकले तरच तिच्याविषयी दुसरे, तिसरे वाक्य बोलता येते. चारपाच वस्तू बाहेर ठेवा, बाकीच्या मुलाच्या नजरेआड ठेवा आणि आठवडा-दहा दिवसांनी त्यांतल्या दोनतीन बदला. ज्या खेळण्यावर मुलाचा जीव आहे ते मात्र काढू नका.

साबणाच्या फुग्यांबद्दल आणि शिट्ट्यांबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. फुंकर मारल्याने जिभेचे आणि ओठांचे स्नायू बळकट होतात आणि मग बोलणे येते, असे सांगितले जाते. फुंकण्याच्या, चोखण्याच्या अशा व्यायामांनी उच्चार सुधारतात याला भक्कम पुरावा नाही; बोलण्यासाठी स्नायूंच्या ताकदीपेक्षा त्यांचा क्षणाक्षणाचा मेळ लागतो आणि तो बोलूनच येतो. तरीही साबणाचे फुगे मी रोज वापरते, कारण ते उडतात, फुटतात आणि संपतात, आणि संपले की मूल माझ्याकडे पाहते. ‘अजून’, ‘फू’, ‘फुटला’, ‘वर’, ‘संपलं’ हे शब्द त्या एका बाटलीतून निघतात. तुम्ही फुंका, मुलाच्या हातात बाटली देऊ नका, आणि दोन फुंकरांच्या मध्ये थांबा.

बाकी शिकण्याविषयी, म्हणजे रंग, आकडे, अक्षरे यांविषयी, या वयात माझा आग्रह कमी आहे. शिकागो येथील एका संशोधनात ५३ मुलांना घरी पालकांबरोबर खेळताना २६ ते ४६ महिन्यांच्या वयात वेळोवेळी पाहिले गेले. त्यांपैकी जी मुले कोडी जुळवत होती, त्यांना साडेचार वर्षांच्या वयात आकार मनातल्या मनात फिरवून जुळवण्याचे काम इतरांपेक्षा चांगले जमले. कोडी हा एकच घटक त्यामागे होता असे त्यावरून सिद्ध होत नाही, पण कोडे जुळवताना जे बोलले जाते, ‘उलटा कर’, ‘फिरव’, ‘इथे बसत नाही’, ‘कोपरा कुठे’, ते पुढच्या गणितालाही उपयोगी आहे, असे मला अनुभवाने वाटते. आकडे शिकवायचे असतील तर मोजण्यासारख्या खऱ्या वस्तू मुलाच्या हातात द्या: एक पायमोजा या पायात, अजून एक पाय राहिला. ‘अजून’, ‘दोन्ही’, ‘संपलं’, ‘जास्त’ हे शब्द कळल्याशिवाय दहापर्यंतचे पाठांतर पोकळ राहते. अक्षरांची घाई मुळीच नको. मारिया माँतेसोरी यांनी १९०७ साली रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहात मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत, पण ती तीन वर्षांच्या पुढची, बोलती मुले होती, आणि अक्षराबरोबर शिक्षिकेचा आवाज असे.

सुरक्षिततेबाबत थोडक्यात पण गंभीरपणे सांगते. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती सुटे छोटे भाग देऊ नका. खेळण्यांच्या सुरक्षा-चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात आणि तिच्यात जो भाग पूर्ण मावतो तो घशात अडकण्याइतका लहान मानला जातो. बटणासारखे चपटे सेल आणि छोटी शक्तिशाली चुंबके यांचा धोका त्याहून मोठा आहे. अन्ननलिकेत अडकलेला चपटा सेल दोन तासांत गंभीर इजा करू शकतो, म्हणून गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालयात जा. बोलक्या खेळण्यांच्या सेलच्या कप्प्याला स्क्रू नसेल, तर ते खेळणे आजच बाजूला काढा.

टॅबलेटवरील ‘बोलायला शिकवणाऱ्या’ ॲपबद्दलही हेच मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलांनी पडद्यासमोर बसू नये आणि दोन वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा आहे, तीही जितकी कमी तितकी बरी. दूर असलेल्या आजी-आजोबांशी व्हिडिओवर बोलणे मात्र मी यात धरत नाही, कारण पलीकडचे माणूस मुलाला उत्तर देते.

आता तुमच्या घरातल्या खेळण्यांकडे येते. ती फेकून देऊ नका. त्यांचे सेल काढा. गाणी वाजवणारी आगगाडी सेलशिवाय नुसती आगगाडी होते आणि मग ‘झुकझुक’ कोणीतरी म्हणावे लागते. पहिले दोनतीन दिवस मुलगा बटणे दाबून पाहील, चिडेलही. त्या वेळी त्याच्या शेजारी बसून तुम्हीच आवाज काढा. दिवसातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटे, फोन दुसऱ्या खोलीत आणि दूरदर्शन संच बंद ठेवून जमिनीवर बसा. एवढे सातत्याने होणे हे दिवसभर ‘बोल ना, बोल ना’ म्हणण्यापेक्षा कितीतरी अधिक परिणामकारक असते. घरातल्या इतरांनाही, विशेषतः त्याच्याजवळ सर्वांत जास्त वेळ असणाऱ्या माणसाला, मनात दहापर्यंत मोजत थांबण्याची ती युक्ती शिकवा.

एक वही करा. त्याने कोणाला तरी उद्देशून वापरलेला प्रत्येक नवा शब्द, नादशब्द आणि हातवारा तारखेसह लिहा. ‘पा’ म्हणजे पाणी असेल तर तसे लिहा, आणि तो कोणाशी, कशासाठी वापरला तेही. वाचा-भाषा तज्ज्ञांची भेट मिळेपर्यंत सहा-आठ आठवडे गेले, तरी ते वाया जाणार नाहीत आणि पहिल्या भेटीत माझ्यासारख्या व्यक्तीला त्या वहीतून जे कळते, ते तासाभराच्या तपासणीतूनही कळत नाही. लिहिताना मात्र एका गोष्टीकडे लक्ष असू द्या: आधी येत असलेला एखादा शब्द, टाटा करणे, किंवा नावाला ओ देणे बंद झाले आहे असे दिसले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि ती वही बरोबर न्या.